साचा कोणाचा?

ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस महाराष्ट्रात उद्योगांवरून जो गदारोळ झाला, तो अजून पुरता शमलेला नाही. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प सप्टेंबरमध्ये तळेगावऐवजी गुजरातेत गेला होता, पाठोपाठ टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प वडोदऱ्याला. विरोधकांनी ‘प्रकल्प पळवले’ म्हणून रान उठवले. त्याच आठवड्यात शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह उभारायला केंद्राची मंजुरी आली आणि सत्ताधाऱ्यांनी तीच उत्तर म्हणून पुढे केली. 297 एकर जमीन, सुमारे 493 कोटींचा विकासखर्च, त्यात केंद्राचे 208 कोटी, 2,000 कोटींची अपेक्षित गुंतवणूक आणि 5,000 रोजगार. एक बाजू गेलेले मोजत होती, दुसरी आलेले. माप मात्र दोघांचे एकच होते. हे पाच हजार जण दहा वर्षांनी असे काय शिकलेले असतील, जे त्यांना आज येत नाही, हा प्रश्न त्या सगळ्या आरडाओरड्यात एकदाही कानावर पडला नाही.

हे राजकारण्यांचे झाले. अभ्यासकांची चर्चा याहून खोल असायला हवी होती, पण तीही मला फारशी खोल वाटत नाही. तिचे पालुपद ठरलेले आहे: जागतिक व्यापार संघटनेने आपले हात बांधले. श्रीमंत देश ज्या शिडीने वर गेले ती त्यांनी मागे ढकलून दिली, हे जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टचे 1841 सालचे रूपक कोरियन अर्थतज्ज्ञ हा-जून चांग यांनी 2002 मध्ये पुन्हा चलनात आणले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या डाव्या आणि स्वदेशीवादी अशा दोन्ही व्यासपीठांवर ते मंत्रासारखे म्हटले जाते. चांग यांचा इतिहास खोटा नाही. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, जपान, सगळ्यांनी जकातींच्या आडोशाने उद्योग वाढवले. त्या इतिहासातून ‘म्हणून आज आपल्याला काही करता येत नाही’ असे जे अनुमान काढले जाते, त्याच्याशी माझे भांडण आहे.

बाकीच्या मतांसाठी फार शब्द खर्चायला नकोत. सरकारने उद्योगात पडूच नये म्हणणाऱ्यांनी पुणे-नगर रस्त्याने रांजणगावपर्यंत जावे. तिथे एलजी आणि हायर ही कोरिया आणि चीन या दोन देशांच्या औद्योगिक धोरणांची फळे एकाच वसाहतीत उभी आहेत. जागतिक व्यापार संघटना मेली, आता काहीही करा, असे म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क बसवले तेव्हा आपली निर्यातदार मंडळी कोणत्या नियमांचा आधार शोधत होती, ते आठवावे.

आता त्या बांधलेल्या हातांकडे वळू. नियम नेमके काय सांगतात? अनुदानांच्या करारात सरसकट मनाई दोनच प्रकारांना आहे: निर्यात केली तरच मिळणारे अनुदान आणि परदेशी मालाऐवजी देशी माल वापरला तरच मिळणारे अनुदान. गुंतवणुकीच्या अटींविषयीचा करारही मुख्यतः याच धर्तीवर देशी मालाची सक्ती आणि आयातीला निर्यातीशी जुंपणे यांना मज्जाव करतो. उरलेली अनुदाने ‘कारवाईयोग्य’ आहेत. म्हणजे ती ठरावीक उद्योगांपुरती किंवा ठरावीक भागापुरती मर्यादित असतील आणि त्यांनी दुसऱ्या देशाचे नुकसान केले असेल, तरच त्यांविरुद्ध कारवाई होऊ शकते. सर्वसाधारण पायाभूत सोयी तर अनुदानात धरल्याच जात नाहीत. भारत सरकारी खरेदीच्या करारात सामील नाही, त्यामुळे सरकारने स्वतःच्या वापरासाठी काय आणि कोणाकडून घ्यावे यावर जिनिव्हाचे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे, बंधन नाही. बहुतेक औद्योगिक वस्तूंवर आपण कबूल केलेले कमाल शुल्क प्रत्यक्षातल्या शुल्काहून बरेच वर आहे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये फ्रिज आणि वॉशिंग मशीनवरचे शुल्क 10 वरून 20 टक्के केले, त्याला जागा होती म्हणूनच. फोनसारख्या वस्तूंवर शून्य शुल्काचे वचन आपण देऊन बसलो होतो, तिथे मात्र 2023 मध्ये युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांच्या तक्रारींवर आपण हरलो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: परदेशी कंपनीने तंत्रज्ञान इथे शिकवावे, संशोधन इथे करावे, इथल्या माणसांना प्रशिक्षण द्यावे, अशी अट घालायला गुंतवणूक-अटींच्या करारात मनाई नाही. चीनने 2001 मध्ये सदस्य होताना तंत्रज्ञान-हस्तांतराची सक्ती न करण्याचे वचन दिले. संस्थापक सदस्य असलेल्या भारताला तसे वचन कधी द्यावे लागले नाही. हा मोकळा हात आपल्याजवळ 1995 पासून आहे. नव्या द्विपक्षीय करारांत तो बांधून घेण्याचा आग्रह धरला जातो, आणि तिथे सावध राहायला हवे हे मला पूर्ण मान्य आहे. पण जो हात मोकळा आहे त्याने आपण काय केले, हे विचारल्याशिवाय बांधलेल्या हाताची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आपण जिथे हरलो ते खटले पाहा. मोटारींचा खटला: डिसेंबर 1997 च्या जाहीर सूचनेने कंपन्यांकडून तिसऱ्या वर्षी 50 आणि पाचव्या वर्षी 70 टक्के देशी भागांचा करार लिहून घेतला, आयातीइतकी निर्यात करण्याची अटही घातली. 2001 मध्ये निकाल विरुद्ध गेला. त्यानंतर पुणे परिसरातला सुट्या भागांचा धंदा बुडाला का? उलट चाकण उभे राहिले ते त्यानंतर. सौर सेलचा खटला, 2016: सौर मोहिमेत देशी सेल वापरण्याची सक्ती होती आणि सरकारने खरेदीच्या सवलतीचा बचाव घेतला. तो टिकला नाही, कारण सरकार विकत घेत होते वीज, आणि सक्ती होती सेलवर. सरकारने सेलच विकत घेतले असते तर बाजू कितीतरी भक्कम झाली असती. निर्यात अनुदानांचा खटला, 2019: दरडोई उत्पन्न हजार डॉलरच्या पुढे गेल्याने गरीब देशांची सवलत संपली होती, तरी आपण त्याच योजना चालू ठेवल्या आणि हरल्यावर, व्यापार संघटनेची अपील संस्था बंद पडण्याच्या बेतात असताना, अपील करून निर्णय लोंबकळत ठेवला. तिन्ही ठिकाणी जे हातचे गेले ते सरकारला चालवायला सोपे म्हणून निवडलेले हत्यार होते: टक्केवारी लिहायची, प्रमाणपत्र मागायचे, पैसे द्यायचे.

हात-बांधलेवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोरियाने कर्जे आणि सवलती निर्यातीच्या उद्दिष्टांशी जोडल्या होत्या. अर्थतज्ज्ञ ॲलिस ॲम्स्डेन यांनी दाखवले तसे, तिथे शिस्त होती: घेतलेस तर करून दाखव. कंपनी शिकली की नाही हे परदेशी गिऱ्हाईक सांगत असे. कोणा साहेबाच्या शेऱ्याची गरज नव्हती. आज नेमके तेच माप प्रतिबंधित आहे. संशोधन, मागास भाग आणि पर्यावरण यांसाठीच्या अनुदानांना करारात खास संरक्षण होते, तेही 1999 अखेर संपले. हे नुकसान मोठे आहे. पण हे माप कायदेशीर होते तेव्हा आपण ते वापरले का? गोदरेजने विक्रोळीत फ्रिज बनवला 1958 मध्ये. आजच्या एलजीची पूर्वज असलेली गोल्डस्टार त्याच वर्षी जन्मली. 1959 मध्ये तिने कोरियाचा पहिला रेडिओ बनवला आणि फ्रिज 1965 मध्ये. आज हायर म्हणून ओळखला जाणारा छिंगदावचा कारखाना 1984 मध्ये जर्मनीच्या लीबहेरकडून तंत्र घेईपर्यंत कोणाच्या गणतीत नव्हता. म्हणजे सुरुवात आपली आधीची. 1958 ते 1995 ही जवळजवळ चार दशके आपल्याला कोणी अडवले नव्हते. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन आयातीवर संख्यात्मक बंधने ठेवायला गॅटमध्ये, म्हणजे व्यापार संघटनेच्या आधीच्या करारात, मुभा होती, आणि ती आपण 2001 पर्यंत वापरली. 2004 मध्ये एलजी रांजणगावला आली, 2007 मध्ये हायरने तिथलाच अँकर-देवूचा कारखाना घेतला. शिडी जागेवर होती तोवरही आपण चढलो नाही, याचे उत्तर शिडीच्या सिद्धान्तात नाही.

आणि त्याच परवानाराजात टाटांच्या टेल्कोचे पुणे घडले, हे विसरून चालणार नाही. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी साठच्या दशकात पिंपरीला काम सुरू केले ते प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल, प्रेस टूलच्या कामापासून, गाड्या नंतर. जकाती त्याच, परवाने तेच, नियम तेच. फरक पडला तो कोणत्या गोष्टीवर आधी पैसा घातला यातून.

रांजणगावातल्या एखाद्या छोट्या मोल्डिंगच्या शेडमध्ये हा फरक समोर दिसतो. फ्रिजचा भाजीचा ट्रे घ्या. हॉपरमधून प्लॅस्टिकचे दाणे खाली येतात, बॅरलमध्ये वितळतात, स्क्रू ते दाबाने मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, सोडतो, मोल्डच्या पोटातून खेळणारे पाणी ते थिजवते, पिना ट्रे बाहेर ढकलतात. पोरगा गेटचा तुकडा कापतो, उजेडाकडे धरून ओरखडा बघतो, पेटीत रचतो. तोवर पुढचा शॉट. शेड उद्योजकाची, मशीन त्याचे, कर्जही त्याचेच. पण मशीनमध्ये बसवलेला तो काही टनांचा पोलादी मोल्ड त्याचा नसतो. तो मोठ्या कंपनीच्या मालकीचा, बाहेर कुठेतरी घडवलेला. दाणा कोणता घ्यायचा हे कंपनी ठरवते, ड्रॉइंग कंपनीचे. ट्रे वाकडा निघू लागला तर कारण कॅव्हिटीत आहे की थंड करण्याच्या वाटेत, हे त्याला अंदाजाने कळते, पण मोल्डला हात लावायची परवानगी नसते. तो विकतो ते मशीनचे तास. दरवर्षी रेट कमी करून मागतात, आणि त्याच्याजवळ नाही म्हणायला काही नसते. ज्याला मोल्ड घडवता येतो त्याला उद्या फ्रिजऐवजी मोटारीचा डॅशबोर्ड, परवा दवाखान्याचे उपकरण करता येते. ज्याला फक्त चालवता येतो, तो कंपनी हलली की शेड भाड्याने देतो.

औद्योगिक धोरणातला मला दिसणारा एकमेव निर्णायक भेद हाच आहे: साचा चालवणे आणि साचा घडवणे. कारखाना देशी की परदेशी, खासगी की सरकारी, मोठा की छोटा, हे भेद त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

आपल्या योजना या भेदाला आंधळ्या आहेत. 2020 पासूनच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत, म्हणजे पीएलआयमध्ये, 14 क्षेत्रांसाठी 1.97 लाख कोटी ठेवले. फोनसाठी आधारवर्षाहून वाढलेल्या विक्रीवर 4 ते 6 टक्के. विक्री वाढली म्हणजे शिकले, असे त्यात गृहीत आहे. एसी आणि एलईडी दिव्यांची 2021 ची 6,238 कोटींची योजना जरा बरी, कारण ती नुसत्या जुळणीला पैसे देत नाही, कॉम्प्रेसरसारख्या भागांना देते; पण मोजते तीही विक्रीच. मोटारींच्या योजनेत 50 टक्के देशी मूल्यवर्धनाची अट घातली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये चीनने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली. 1997 ची टक्केवारी, नवा कागद.

राज्याचे तर आणखी सरळ आहे. 1964 पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी करून कराचा परतावा, वीजशुल्क माफी वगैरे दिली जाते. पात्रतेसाठी विचारतात ते भांडवल किती, रोजगार किती आणि त्यात स्थानिक 80 टक्के आहेत का. कामगाराचा अधिवास तपासला जातो, तो काय शिकला हे नाही. वर, भागापुरती मर्यादित म्हणून ही अनुदाने कारवाईयोग्य ठरतात: पीईटी फिल्मवर अमेरिकेने 2002 मध्ये बसवलेल्या काउंटरव्हेलिंग ड्यूटीच्या, म्हणजे अनुदानाची भरपाई करणाऱ्या शुल्काच्या, हिशेबात महाराष्ट्राच्या विक्रीकर सवलतीही धरल्या होत्या. म्हणजे महाराष्ट्राच्या तिजोरीने सोडलेला कर अमेरिकेच्या तिजोरीत जमा होण्याची वाट आपणच मोकळी ठेवतो. आणि शिकवण्याची जी अट कायद्याने घालता येते, ती घालत नाही. उलट ‘शिकाऊ’ हे नावच स्वस्त मजुरीसाठी वापरले गेले. नीम या प्रशिक्षणार्थी योजनेखाली मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे रांजणगावजवळच्या कारेगावच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून उन्हाळ्याच्या हंगामात लाइनवर उभी राहत. कागदावर ती प्रशिक्षणार्थी होती, त्यामुळे कामगार कायद्याचे संरक्षण नाही, आणि हातात कसब म्हणावे असेही फारसे काही पडत नव्हते. याचा मला मनापासून राग आहे.

शिरूरहून दक्षिणेला दौंड तालुक्यात कुरकुंभला गेले की चित्र पालटते. सोलापूर रस्त्यावरच्या या रासायनिक वसाहतीत सिप्लासारख्या औषध कंपन्या आहेत, अल्काइल अमाइन्स आहे, आणि 2003 मध्ये स्थापन झालेली क्लीन सायन्स आहे, जी एमईएचक्यू नावाच्या रसायनात जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत मोजली जाते, तेही स्वतः विकसित केलेल्या उत्प्रेरकी प्रक्रियेच्या जोरावर. इथे साचा आपला आहे. रसायनशास्त्रात साचा म्हणजे प्रक्रिया. हे कसे घडले? 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले, फक्त प्रक्रियेवर दिले. तोच रेणू वेगळ्या वाटेने कसा बनवायचा, यावर भारतीय रसायनतज्ज्ञांच्या दोन पिढ्या झिजल्या. पुण्यात 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, मुंबईत यूडीसीटी (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) होते. जकाती आणि परवाने याही उद्योगाला होते, ते मी नाकारत नाही. पण तेच फ्रिजलाही होते. 2005 मध्ये ट्रिप्समुळे, म्हणजे बौद्धिक संपदेच्या करारामुळे, उत्पादनावरचे पेटंट परत आले, ही खरी शिडी काढून घेणे होते, चांग यांचे म्हणणे इथे शब्दशः लागू पडते. तरीही उद्योग कोसळला नाही. प्रक्रिया घडवण्याचे कसब माणसांत मुरले होते, ते कोणत्याही कराराने काढून घेता येत नव्हते.

कुरकुंभचे गोडवे गाऊन थांबता येत नाही, कारण या वसाहतीला एक अनुदान असे आहे जे जिनिव्हाला कधी कळवले जात नाही. सांडपाण्याविषयी, विहिरींविषयी, रात्रीच्या उग्र वासाविषयी आसपासच्या गावांच्या तक्रारी जुन्या आहेत. सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. पाणी शुद्ध करण्याचा जो खर्च कारखान्याच्या खात्यावर पडत नाही तो विहिरीच्या मालकावर पडतो, आणि त्याच्या संमतीशिवाय. नियमांना या सवलतीवर काही आक्षेप नाही. आपल्याला असायला हवा. कसबी उद्योगाने तर तो आधी सोडवायला हवा, कारण कचरा मुळातच कमी निघेल अशी प्रक्रिया हाही त्याच कसबाचा भाग आहे.

साखरेचा खटला लोक लगेच पुढे करतील, कारण दौंडला भीमा-पाटस आणि शिरूरला घोडगंगा आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर आपल्याविरुद्ध निकाल आला हे खरे. पण तो शेतीच्या कराराचा आणि उसाच्या एफआरपीचा (रास्त आणि किफायतशीर दराचा) प्रश्न आहे, त्याचे अन्याय वेगळे आहेत, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

मग रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात काय करता येईल? विक्रीवरचा टक्का आणि कराचा परतावा यांऐवजी तोच पैसा टूलरूम, चाचणी प्रयोगशाळा आणि मोल्ड-डिझाइनच्या शिक्षणात घालता येईल. छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीच्या औरंगाबादचे) इंडो-जर्मन टूल रूम कित्येक वर्षे हे काम करते आहे; तसे एक शिरूरला का नसावे? मात्र ते वसाहतीतल्या कंपन्यांपुरते ठेवले तर पुन्हा ‘मर्यादित’ ठरेल; दौंडच्या, सुप्याच्या, कुठल्याही उद्योगातल्या कोणालाही तिथे जाता आले पाहिजे. नियम आणि न्याय इथे एकाच बाजूला आहेत. आणि ज्यांना सवलती द्यायच्याच, त्या कंपन्यांच्या करारात एवढे लिहून घ्यावे की ठरल्या मुदतीत अमुक इतके मोल्ड इथल्या पुरवठादारांसोबत घडवले जातील, अमुक इतकी माणसे त्यात तयार होतील, नाही तर सवलत थांबेल. अटीची भाषा जपून लिहावी लागेल; ‘देशी मोल्डच वापरा’ असे लिहिले की ते प्रतिबंधित, ‘मोल्ड घडवायला शिकवा’ असे लिहिले की नाही. सौर सेलच्या खटल्यात आपल्याला महाग पडले ते अशाच एका शब्दाकडे झालेले दुर्लक्ष.

यावर उद्योग खात्यातला कोणीही अनुभवी माणूस एकच हरकत घेईल, आणि ती चांग यांच्या सगळ्या पुस्तकाहून मला जड वाटते. तो म्हणेल, अट घातली की कंपनी दुसऱ्या राज्यात जाईल. एलजीने आपला तिसरा कारखाना, 5,001 कोटींचा, 2025 मध्ये आंध्रातल्या श्रीसिटीत नेलाच. हे खरे आहे. म्हणजे आपले हात बांधले आहेत ते एकमेकांनी, जिनिव्हाने नव्हे. महाराष्ट्र मागत नाही कारण आंध्र मागणार नाही, आंध्र मागत नाही कारण तमिळनाडू मागणार नाही. युरोपीय संघात सदस्य राष्ट्रांना कंपन्यांवर अशी उधळण करायला कायद्याने लगाम आहे. आपल्याकडे राज्यांनी 1999 मध्ये एकत्र बसून विक्रीकराची चढाओढ थांबवण्याचे आणि किमान समान दर लावण्याचे ठरवले होते. 2016 पासून जीएसटी परिषद आहे. कराच्या दरावर एकमत करू शकणारी राज्ये सवलतींच्या किमान अटींवर का करू शकणार नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. तोवर महाराष्ट्राने एकट्याने सुरुवात करावी असे माझे म्हणणे आहे, कारण पुण्याचा पुरवठादार, न्हावाशेव्याचे बंदर आणि मुंबईची बाजारपेठ सोडून कंपन्या केवळ प्रशिक्षणाच्या एका अटीपायी जातील हे मला पटत नाही. आणि एमआयडीसी भूखंड देते ते 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, तेव्हा जे अजून द्यायचे आहेत त्यांच्या कागदात ही अट आताच घालावी लागेल.